आपल्या गावचा शिपाई

श्रोतेहो, आपल्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, अडगाव नावाचे गाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या गावाच्या शिवारात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांची मोठी लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकांत ती 'आरगावची लढाई' या नावाने येते. पुढे पंधरवड्याने, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजांनी सर केला. या दोन्ही ठिकाणी जिंकलेला सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरविले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, हेही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. पण अडगावच्या काळ्या मातीत जे साधे शिपाई पडले, त्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्हांला-आम्हांला सांगता येईल काय? नाही सांगता येणार. ती नावे गेली. कारण ती जपून ठेवावीत असे कोणाला वाटलेच नाही.

ही झाली दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिला आता इलाज नाही. पण गेल्या शतकातल्या दोन महायुद्धांची गोष्ट तशी नाही. त्या युद्धांत कामी आलेल्या शिपायांपैकी पुष्कळांच्या नोंदी झालेल्या आहेत. कुठे पलटणीच्या दप्तरात, कुठे परदेशातल्या दगडावर, तर कुठे घरच्या पेटीत पडलेल्या पदकाच्या कडेवर त्या आजही आहेत. फक्त त्या शोधायला कोणी जात नाही. आजच्या भाषणाचा विषय तो आहे. आपल्या गावचा जो शिपाई लढाईत गेला, त्याच्या आयुष्याचा माग कसा काढावा, आणि मुळात तो का काढावा, हे मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

दर्यापूरकडच्या एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "सर, आमच्या आबाजीचा भाऊ लढाईत गेल्ता म्हन्तात. पन कोनत्या लढाईत, कोन्या मुलखात, हे घरात कोनालेच मालूम नाही. हे कुठं भेटंल?" प्रश्न साधा आहे. पण तो आपल्या कितीतरी घरांचा प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले आणि सुमारे ८७,००० माणसे मेली. हे आकडे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्या आकड्यातला एक जण आपल्याच घरातून उठून गेलेला असतो, आणि त्याच्याविषयी आपल्यापाशी "लढाईत गेल्ता" एवढे दोनच शब्द उरलेले असतात.

माग कसा काढायचा हे समजण्यासाठी एक नमुना पुढे ठेवतो. नमुना वऱ्हाडातला नाही, कोकणातला आहे. तो मुद्दाम निवडला आहे. कारण या शिपायाचे कागद सर्वांना खुले आहेत, त्याचे नाव जगाला माहीत आहे, आणि तरीही त्याच्या आयुष्याचा केवढा भाग त्या कागदांत येत नाही, हे त्यावरून स्वच्छ दिसते.

हे शिपाई म्हणजे नाईक यशवंत घाडगे. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, गाव पळसगाव, तालुका माणगाव. जिल्हा त्या वेळी कुलाबा होता. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे त्या वेळच्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या, तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ते पडले. वय साडेबावीस वर्षे. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला.

पदक देताना सरकार एक छोटे निवेदन प्रसिद्ध करते. पराक्रम काय केला, ते त्यात सांगितलेले असते. यशवंत घाडग्यांचे निवेदन २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटात आहे. त्यातली हकीकत माझ्या शब्दांत अशी. मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत मोर्चावर हल्ला केला. घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे आठ-दहा माणसांच्या तुकडीचे, नायक होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तुकडीतली सगळी माणसे ठार तरी झाली किंवा जखमी तरी झाली. एकटे घाडगे उभे राहिले. मागून येणारे कोणी नाही हे त्यांना दिसत होते. तरी ते टॉमीगन झाडीत सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा माणूस यांना निकामी केले. मग आणखी एकाला गोळी घातली. काडतुसे संपली, नवी भरायला उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केले. इतक्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा त्यांनी एकट्याने घेतला, त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

हे वाचून अंगावर काटा येतो. पण श्रोतेहो, क्षणभर थांबून हिशेब करा. या सगळ्या प्रकाराला वेळ किती लागला असेल? फार तर पाच-दहा मिनिटे. म्हणजे साडेबावीस वर्षांच्या आयुष्यातली पाच-दहा मिनिटे सरकारी कागदाने जतन केली. बाकीच्या बावीस वर्षांचे काय? हा मुलगा कोणत्या शाळेत बसत होता? भाताच्या लावणीत त्याने चिखल तुडविला असेल, तो कोणाच्या खाचरात? फौजेत जायचे त्याने ठरविले तेव्हा आईने काय म्हटले? पहिली रजा कधी मिळाली? घरी पैसे किती पाठवीत असे? लंडन गॅझेट हे सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. हे सांगू शकते फक्त घर आणि गाव.

माझे आजचे सगळे सांगणे या एका वाक्यात येते: शिपायाचे मरण सरकार लिहून ठेवते, त्याचे जगणे गावाने लिहायचे असते. गावाने ते लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

आता पलटणीच्या कागदांचा उपयोग पाहा. शिपाई कोणत्या पलटणीचा हे कळले की तिच्या हालचाली दिवसवार मिळू शकतात. कारण युद्धात प्रत्येक पलटण रोजनिशी ठेवते. तिला वॉर डायरी म्हणतात. घाडग्यांची तिसरी पलटण मार्च १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती. तेथले 'फ्लॅट टॉप' नावाचे ठाणे तिने घेतले तेव्हा तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड हे होते. हेच रीड पुढे मेजर जनरल झाले आणि इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती होते. घाडग्यांची पलटण याच डिव्हिजनमध्ये लढत होती. अशी माहिती हाती आली की एक मोह होतो. पलटण केरेनला होती, तेव्हा आपला माणूसही केरेनला होता असे आपण लिहून टाकतो. तसे करू नये. आधी भरतीची तारीख पाहावी, मग शिपाई पलटणीत रुजू केव्हा झाला ते पाहावे, आणि तेवढ्यापुरतेच लिहावे. आपल्या आजोबाला नसलेल्या लढाया चिकटविल्याने त्याचा मान वाढत नाही.

आणखी एक गोष्ट त्या निवेदनातच आहे, पण वाचताना ती निसटते. तुकडीतली सगळी माणसे ठार किंवा जखमी झाली, असे निवेदन म्हणते. ती माणसे कोण? त्यांची नावे त्यात नाहीत. घाडग्यांचा पुतळा माणगावात उभा आहे, त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूला जे पडले, तेही कोणत्यातरी खेड्यातून आले होते. त्यांची नावे काढण्याचा रस्ता बंद नाही. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग नावाची एक संस्था १९१७ पासून काम करते. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची यादी तिच्यापाशी आहे, आणि ती आज संगणकावर, अगदी हातातल्या मोबाइलवरसुद्धा, पाहता येते. पलटण आणि तारीख दिली, की त्या दिवशी त्या पलटणीचे कोण कोण गेले ते पुढे येते. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढे दिलेले असते. आपल्याकडच्या एखाद्या घराचा हरवलेला माणूस अशाच कोणाच्या नावाखाली सापडण्याचा संभव आहे.

यशवंत घाडग्यांची स्वतंत्र कबर नाही. इटलीत कासिनो येथे जे मोठे स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव आहे. ज्यांच्या कबरींचा ठाव लागला नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक होते, आणि ५,७८२ तेथे मेले. तेथे मिळालेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. त्यांतला आणखी एक मराठ्यांच्याच पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव यांचा. ते त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना वाचविले. ते स्वतः जगून घरी आले आणि १९८४ पर्यंत आपल्यात होते. जो परत येतो तो स्वतःच्या तोंडाने चार गोष्टी सांगतो. जो येत नाही, त्याच्या वतीने त्या दुसऱ्या कोणीतरी सांगाव्या लागतात.

इटलीतील मोन्तोने नावाच्या लहानशा गावाने ते केले. हे गाव टायबरच्या त्याच खोऱ्यात आहे. जुलै २०२३ मध्ये तेथील लोकांनी यशवंत घाडग्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारले. सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखवते, ते घड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वाक्य त्यावर आहे. विचार करा, ज्या गावाशी या मुलाचे नाते काही दिवसांचे, त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी त्याची आठवण काढली. आणि त्या मशीनगनवर जे मेले, तेही कोणाची तरी पोरेच होती, हेसुद्धा त्या वाक्यात आले.

घाडग्यांना निदान नाव तरी मिळाले. पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळांना तेही मिळाले नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत या गावाला तुर्कांचा वेढा पडला होता. आत अडकलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, शरणागती झाली, आणि कैदेत पुष्कळ माणसे खपली. त्या मोहिमेत जे गेले आणि ज्यांची कबर सापडली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले. पण त्याच्या भिंतीवर हिंदी पलटणींपैकी नावे आली ती अंमलदारांची. साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत. अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा कोरला. मरणात सर्व सारखे, हे त्या आयोगाचे तत्त्व होते. ते बसऱ्याला पाळले गेले नाही. पुढे शंभर वर्षांनी, २०२१ साली, आयोगाने या भेदभावाची चौकशी करून जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दरम्यान १९९७ साली ते स्मारकच मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले गेले होते. आता बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावे यादीत शोधता येतात. पण यादीतले नाव आपल्या घराशी जोडून घेणे हे काम आयोग करू शकत नाही. ते आपले काम.

तर आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. साताऱ्याकडे आणि कोकणात पुष्कळ गावी एक संगमरवरी फरशी दिसते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे तिच्यावर लिहिलेले असते. साताऱ्याच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. आपला मुलूख कापसाचा. घरोघर फौजेत जाण्याची रीत येथे पडली नाही. त्यामुळे जो गेला तो बहुधा एकटाच गेला, आणि एकट्याची आठवण लवकर बुजते. जेथे शेजारच्या चार घरांतून माणसे गेलेली असतात, तेथे एकाची आठवण दुसरा जागती ठेवतो. म्हणून आपल्याकडे शोधाची गरज जास्त.

फौजेशी वऱ्हाडाचा संबंध तसा जुना आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, ते हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी. म्हणजे आपल्या कास्तकारांच्या साऱ्यावर ती फौज पोसली जात होती. तिची एक छावणी एलिचपुरास होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात मिसळली, आणि तिच्यातल्या एका पलटणीचे नाव '९६ वी बेरार इन्फन्ट्री' झाले. तीच पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये आणि १९४५ नंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली. पण 'बेरार' हे नाव तिने सोडले नाही. मात्र या नावावरून फसू नका. बेरार पलटणीतले शिपाई प्रामुख्याने उत्तरेकडचे होते. वऱ्हाडातला माणूस मराठा पलटणीत सापडेल, पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेल्या १११ व्या महार पलटणीत सापडेल, १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये सापडेल, किंवा पुरवठा, वाहतूक, दवाखाना, तोफखाना अशा कोणत्याही खात्यात सापडेल.

शोध कोठून सुरू करावा? घरापासून. जुनी पत्र्याची पेटी उघडा. पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो नंबर म्हणजे कुलपाची किल्ली समजा. तसेच त्या युद्धात मेलेल्यांच्या वारसांना काशाची एक गोल तबकडी देत असत. तळहातापेक्षा जराशी मोठी, उजव्या बाजूला मृताचे नाव. अशी तबकडी कोणाच्या घरी भांड्यांच्या पसाऱ्यात असेल, तर ती मोडीत घालू नका. पेन्शनचा कागद असेल, मनिऑर्डरची पावती असेल, एखादा फोटो असेल तर त्याची मागली बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का आणि गावाचे नाव तेथे सापडते.

मग गावाकडे या. आपल्या विदर्भात कोतवाल बुक नावाची एक फार मोलाची वस्तू आहे. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल तीत नोंदवीत असे. तीवरून जन्माचे साल ठरते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहा. मुलगा कोणत्या वर्गातून, कोणत्या साली शाळा सोडून गेला, ते त्यात मिळेल. तलाठ्याकडे फेरफार पाहा. माणूस मेल्यावर शेतावर वारसाचे नाव चढते; त्या नोंदीवरून मृत्यूची बातमी गावात केव्हा पोहोचली याचा अंदाज बांधता येतो. तिसरे ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ते अमरावतीला आहे, अकोल्यालाही आहे. पलटण ठाऊक असेल तर तिच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर देऊन पत्र लिहावे. मराठ्यांचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. आणि शिपाई स्वातंत्र्यानंतरचा, म्हणजे १९४७, १९६२, १९६५, १९७१ किंवा १९९९ च्या लढाईतला असेल, तर दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर त्याचे नाव पाहावे. तेथे पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, प्रत्येकाची वीट वेगळी.

या शोधात अडचणी नावांच्या येतात. इंग्रजी कारकुनाच्या लिपीत आपला 'ळ' नाही. त्यामुळे काळ्याचा काले होतो आणि माळ्याचा माली. कोठे आडनाव गाळून नुसते बापाचे नाव लावलेले असते. गावांच्या नावांचेही तेच. जुन्या कागदात अचलपूर शोधाल तर मिळणार नाही, एलिचपूर शोधा. वाशीमचे बासीम झालेले असते. 'अकोला जिल्हा' असे लिहिलेले गाव आज वाशीम जिल्ह्यात असू शकते, कारण तो जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. प्रांत 'सी. पी. अँड बेरार' असा सापडेल. आणि वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावे तर तालुक्या-तालुक्यात आहेत. तेव्हा नुसते नाव जुळले म्हणून हाच आपला माणूस असे ठरवू नका. नाव, बापाचे नाव, गाव आणि साल, या चारांपैकी तीन तरी जुळली पाहिजेत.

आता कोणी विचारील, "हे सगळे खरे, पण हे शिपाई लढले कोणासाठी? इंग्रजांसाठीच ना?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात आपल्या अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा येथे गोळीबार झाला, माणसे पडली. त्या गावांच्या नावांना 'शहीद' हा शब्द कायमचा जोडला गेला, आणि तो अभिमानाने जोडला गेला. याच सुमारास त्याच वयाची दुसरी पोरे खाकी घालून आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढत होती. पहिल्यांना गावाने डोक्यावर घेतले, दुसऱ्यांविषयी गाव गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे कारण हा आक्षेप आहे.

पण न्याय करताना एवढे ध्यानात घ्यावे. वीस वर्षांचा पोरगा फौजेत गेला, तो साम्राज्य वाढवायला गेला नव्हता. घरी शेत थोडे, खाणारी तोंडे फार. दरमहा बांधलेला पगार आणि घरी येणारी मनिऑर्डर याचा अर्थ त्या घरात काय होता, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कोणी बापाशी भांडून गेला असेल, कोणी मित्राच्या नादाने, कोणी जग पाहायचे म्हणून. महार तरुणांच्या बाबतीत तर बंद झालेली भरती पुन्हा उघडणे हाच मानाचा प्रश्न होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी आग्रह धरला होता. आणि ज्यांच्याविरुद्ध हे शिपाई इटलीत लढले, ती सत्ता हिटलरची होती, हेही विसरता येत नाही. त्याने घेतलेला निर्णय बरोबर की चूक, हे ठरवायचा आपल्याला अधिकार आहे. पण निर्णय ठरविण्याआधी माणूस कोण होता ते माहीत असायला हवे. नावच ठाऊक नसलेल्या माणसाचा न्याय कसा करणार? यावलीचा हुतात्मा आणि इटलीत पडलेला शिपाई यांची तुलना करीत बसू नये. दोघांच्याही आया येथल्याच होत्या.

शिपायाबरोबर आणखी एका आयुष्याचा माग घ्या. ते त्याच्या बायकोचे. साडेबाविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाची बायको त्याहून लहान असणार. त्याची लढाई काही वर्षांत संपली, तिची पुढे कितीतरी वर्षे चालली. तार कोणी वाचून दाखविली, पेन्शन सुरू व्हायला किती दिवस गेले, सासरी राहिली की माहेरी गेली, कापूस वेचून पोरे वाढविली की पोर नव्हतेच, हे विचारा. सरकारी दप्तरात तिच्यासाठी 'वारस : पत्नी' एवढीच जागा असते. गावातल्या म्हाताऱ्या बायांना मात्र तिच्याविषयी पुष्कळ ठाऊक असते. त्यांच्यापाशी बसा, चहा घ्या, घाई करू नका. "सांगा बरं आजी, काय काय आठवतं" असे म्हणा आणि ऐकत राहा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरून घ्या. पुस्तकी करू नका.

हे काम कोणी करावे? माझ्या मते शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी. गावात एक शिपाई असेल तर एक पान लिहा. वर त्याचे नाव, जन्माचे साल, आईबापांची नावे, पलटण, नंबर, मृत्यूची तारीख आणि ठिकाण. खाली त्याचे घर कोठे होते, तो काय करीत असे, कसा बोलत असे, गेला तेव्हा मागे कोण राहिले. जे कागदावरून कळले ते कागदावरून म्हणून लिहा, जे तोंडी कळले ते सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहा. पान शाळेच्या भिंतीवर लावा आणि एक प्रत वाचनालयात ठेवा. याला खर्च काही नाही. दोन-चार रविवार लागतील.

मात्र हे लवकर करा. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या शिपायाला ज्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले, असा माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. कागद अजून काही काळ थांबेल. तो माणूस थांबणार नाही. अडगावच्या शिवारातल्या शिपायांची नावे आपल्या हातून सुटली, कारण त्या वेळी विचारणारा कोणी नव्हता. या वेळी विचारणारे आपण आहोत आणि सांगणारे अजून ओट्यावर बसलेले आहेत. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा.